स्टँडवरच्या बाथरूममध्ये पोरगी बसतच नाही. एसटीने जाणाऱ्या आयांनो, तुम्ही काय करता?

कोथरूडची_कोल्हापुरी

लेक तीन वर्षं चार महिन्यांची. डायपर सुटून सात महिने झाले. घरी काही त्रास नाही, पाळणाघरातही नाही. स्वतः सांगते, स्वतः चड्डी काढते, वर मलाच "तू बाहेर थांब" म्हणते. गाडं अडतं ते प्रवासात.

माहेर कोल्हापूर, संसार पुण्यात. नवऱ्याला सुट्टी मिळत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांनी आम्ही दोघीच एसटीने जातो. माझं अर्धं तिकीट, तिचं तिकीटच नाही. गेल्या रविवारी परत येतानाचा प्रकार सांगते.

आईकडून निघताना शू करून निघालो. वाटेतल्या एका मोठ्या स्टँडवर गाडी थांबली. पैसे दिले, आत गेले. फरशीवर पाणी होतं. ते पाणीच आहे असं मनाला सांगितलं. दाराला कडी नव्हती, म्हणून एका पायाने दार दाबून धरलं. एका हातात तिचं बखोट, खांद्यावरून घसरणारी पर्स, ओढणी दातात. आणि दातात ओढणी असूनही माझी टकळी चालूच: "भिंतीला हात लावू नको. नळाला हात लावू नको. खाली बघू नको. फ्रॉक वर धर. शी, काय घाण आहे. कर ना लवकर." तिने त्या भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मला आलीच नाहीये."

पुढच्या स्टँडवर पण "आलीच नाहीये". कात्रजचा बोगदा ओलांडला आणि माझ्या मांडीवर बसल्या बसल्या सगळं झालं. माझा ड्रेस, सीट आणि शेजारच्या आजोबांची पिशवी. पिशवीत चितळ्यांकडे न्यायची म्हणून घेतलेली काकवीची बाटली होती (मिठाईवाले चितळे नव्हेत, आजोबांचे व्याही). आजोबा "असू दे, लेकरू आहे" म्हणाले, तरी पोरगी स्वारगेटपर्यंत हुंदके देत होती.

आता कहर असा की कुठेही गेलं की आधी विचारते, "तिथे घाण आहे का?" परवा जाऊबाईंच्या घरी विचारलं. जाऊबाईंचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तर प्रश्न असा. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ती बसत नाही, "भोकात पडेन" म्हणते. कमोडवर मीच बसू देत नाही, किळस येते. तिला अधांतरी धरते, तर तिला होत नाही. कागदी सीट कव्हर कुणी वापरलंय का? सॅनिटायझर पुरतो का? पुढच्या महिन्यात भाचीचं बारसं आहे, परत तोच प्रवास.

"डायपर घाल" हा सल्ला सासूबाईंकडून मिळालेला आहे. तो सोडून सांगा.

निवांत_पुणेकर

कार घ्या. प्रश्न मिटला.

कोथरूडची_कोल्हापुरी

हप्ते तुम्ही भरणार असाल तर आजच शोरूम गाठते.

डबलबेल

ताई, मी एसटीत वाहक आहे. बारा वर्षं झाली. या विषयात आम्हा बायकांची पीएचडी असते. नवीन लागले तेव्हा ड्यूटीवर पाणी प्यायचंच सोडलं होतं, म्हणजे जायलाच नको. मूतखडा झाला तेव्हा अक्कल आली. तुमची लेक तेच करतेय, फक्त तिला ते सांगता येत नाही.

गाडीत चढतानाच कंडक्टरला विचारा, गाडी कुठे थांबणार आणि किती वेळ. उतरताना सांगून जा, "लहान मूल आहे, बाथरूमला चाललोय." एवढं सांगितलेलं असलं की मी त्या दोघी दिसल्याशिवाय डबल बेल देत नाही. न सांगता गेलेल्या माणसाला मात्र आम्ही शोधत बसत नाही, तेवढा वेळ नसतो. घाई डोक्यातून गेली की तुमचा अर्धा आवाज खाली येईल. मूल त्या आवाजालाच घाबरतं.

स्टँडवर गाडी लागली की सगळ्या बायका एकदम पळतात. गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबणार असेल तर तीन मिनिटं उशिरा जा, रांग ओसरते. दारात पैसे घ्यायला जे कोणी बसलेलं असतं त्याला विचारा, "लहान मूल आहे, एक बादली पाणी मारून देता का?" वैतागून नाही, नीट विचारा. बहुतेक वेळा उठतात. मग तिला उंबऱ्यावर हात धरून उभी करा आणि तुम्ही स्वतः भांड्यावर आणि पाय ठेवायच्या जागेवर दोन मग ओता. तिच्या डोळ्यांदेखत ओता. "बघ, आपण धुतलं" असं म्हणा. "घाण" हा शब्द त्या दिवसापुरता घरी ठेवून या.

आता ती भोकात पडण्याची भीती. ती खोटी नाही हो. पाय ठेवायच्या जागा मोठ्या माणसाच्या मापाच्या असतात, साडेतीन वर्षांच्या पोरीचे पाय तेवढे फाकत नाहीत. तान्ही असताना तिला पायांवर बसवून शी करवलीत ना? तीच बैठक, फक्त तुम्ही उभ्याने. तिची पाठ तुमच्या पोटाला, तुमचे दोन्ही हात तिच्या मांड्यांखाली, तिचे गुडघे वर. तुम्ही गुडघ्यांत जरा वाका, नाहीतर कंबर जाते. तुम्ही अधांतरी धरता म्हणता ते बहुतेक काखेत हात घालून धरत असाल. तसं धरलं की पोर लटकतं, अंग ताठ होतं, मग काही होत नाही. पाठ टेकली की सैल सोडतं.

त्याच्याआधी लेगिंग एका पायातून पूर्ण काढा. गुडघ्यापर्यंत ओढलेली लेगिंग हमखास भिजते. त्यापेक्षा प्रवासात लेगिंग घालूच नका. आखूड फ्रॉक आणि सैल चड्डी. फ्रॉकचा घोळ मागून वर घेऊन रबरबँडने बांधायचा. ओढणी तुम्हीही त्या दिवशी घेऊ नका. पर्स गळ्यातून आडवी, पोटावर. आणि दार पायाने दाबू नका, तोल जातो. एक नाडी जवळ ठेवायची, कडी नसली तर कोयंड्यातून ओवून मनगटाला गुंडाळायची. कोयंडाही नसला तर बाहेरच्या बाईला सांगायचं, "ताई, जरा धरा." नाही म्हणणारी मला अजून भेटलेली नाही.

अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने चार भोकं पाडा. नळ कोरडा असो, तिथला मग कसाही असो, धुवायला आपलं पाणी आपल्या हातात. पोरीला ते कारंजं आवडतं, हा वरचा फायदा.

कपडे भिजलेच तर गाडीत बदलू नका. पुष्कळ स्टँडवर हिरकणी कक्ष आहे. तो अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी असला तरी लेकराचे कपडे बदलायला कोणी अडवत नाही. बंद दिसला तर वाहतूक नियंत्रकाला विचारा.

दोन_पोरांचा_बाबा

डबलबेल ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला पाठवला. नाडीची आयडिया भन्नाट.

माझी बाजू जरा वेगळी. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार. बायको सोबत नसते तेव्हा मुलीला कुठे न्यायचं? मोठ्या मॉलमध्ये दिव्यांगांसाठीचं वेगळं टॉयलेट असतं. रांग नसेल तर विचारून पटकन आटपतो. जिथे ते नाही तिथे तिला उचलून, तोंड माझ्या खांद्यावर, पुरुषांच्या बाजूला सरळ दार असलेल्या खोलीत शिरतो. तिला आधी सांगून ठेवतो, "आत काका लोक असतील, आपण थेट आपल्या खोलीत जायचं." काका लोकच दचकतात, तिला काही वाटत नाही. बाळाचं डायपर बदलायचा फळा मात्र बऱ्याच ठिकाणी अजून बायकांच्याच बाजूला. बाप लोक डायपर कुठे बदलतात, हे बांधणाऱ्याच्या डोक्यात आलेलं नसतं.

मॉलमध्ये आमचा खरा शत्रू म्हणजे आपोआप होणारा फ्लश. पोरगी इतकी छोटी की सेन्सरला ती दिसतच नाही. तिचं चालू असतानाच खालून धबधबा. एकदा तसं झालं आणि पुढचे दोन महिने कमोड बंद. आता पाकिटात बँडेडच्या पट्ट्या असतात. बसवायच्या आधी सेन्सरच्या काळ्या डोळ्यावर एक चिकटवायची, उठून कपडे घातले की काढायची. हात वाळवायच्या यंत्राचंही तेच, कानाजवळ घोंगावतं. रुमाल न्या.

मुलाचं सोपं असं सगळ्यांना वाटतं. मुतारी त्याच्या हनुवटीला लागते. मग तो कठड्याला दोन्ही हात धरून टाचा उंचावतो आणि तेच हात घेऊन वडापाव खायला येतो. त्याला मी सरळ आतल्या खोलीत नेतो.

मृदुला_ठाणे

मी इथे फक्त वाचते, पण हे लिहायलाच हवं.

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना शाळेतल्या बाथरूमला जाणं टाळायची. आम्हाला पत्ताच नाही. डबा संपवून यायची, पाण्याची बाटली भरलेली परत. मग एकदा ताप. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप आणि पोटात दुखतंय. तीन दिवस आम्ही "व्हायरल असेल" म्हणत राहिलो. बाळांच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, कल्चरही (लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघायची तपासणी). मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्यावा लागतो, नाहीतर जंतू नीट सापडत नाहीत. घरातली उरलेली औषधं देणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

डॉक्टरांनी तेव्हा बरंच समजावलं. मुलांच्या मूत्राशयाचा ढोबळ हिशोब वय अधिक दोन, गुणिले तीस मिलिलिटर. म्हणजे तुझ्या लेकीचं साधारण दीडशे, चहाचा एक मोठा कप. तो कप कोल्हापूर ते स्वारगेट कसा पुरणार? तिने पुष्कळ धरलं असं म्हण. प्रवासात पाणी तोडू नकोस. दर दोन तासांनी न्यायचं, आणि "आली का?" असं विचारायचं नाही. विचारलं की उत्तर "नाही"च. "गाडी थांबली, आपण दोघी जाऊन येऊ", बस्स.

कमोडवर बसव, ग. सीटला मांडी लागून सहसा काही होत नाही. आजार जातो तो हातांवरून तोंडात. सीट ओली असेल तर टिश्यूने कोरडी कर, हवं तर साबणाच्या पाण्याने पूस आणि परत कोरडी कर. कागदी कव्हर ओल्या सीटवर ठेवलं तर त्याचा लगदा होऊन तिच्याच अंगाला चिकटतो, मी दोन पाकिटं वाया घालवली आहेत. तिला पूर्ण मागे सरकवून, चड्डी काढून, पाय फाकवून बसव. चड्डी पायात अडकवून गुडघे जुळवून बसलं की मुलींची लघवी थोडी आत मागे जाते, उभं राहिल्यावर ठिबकते, मग ओली चड्डी, मग खाज. पायाखाली तुझी बॅग किंवा तुझी मांडी दे. पाय लोंबकळले की पोट सैल पडत नाही. धुताना पुढून मागे, आणि धुतल्यावर मऊ कापडाने टिपून घे.

सॅनिटायझर चिकट, मळक्या हाताला उपयोगाचा नाही. उलट्या-जुलाबाचे काही विषाणू त्याने नीट मरत नाहीत, त्यांना साबण-पाणीच लागतं. केमिस्टकडे कागदी साबणाची डबी मिळते. एक कागद, तुझ्या त्या कारंज्याच्या बाटलीतलं पाणी, आणि वीस सेकंद. वीस सेकंद म्हणजे "ये रे ये रे पावसा" दोनदा, घाई न करता.

शी घट्ट होते का तेही बघ. आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो. आमच्याकडे अर्धं दुखणं तिथेच होतं.

कोथरूडची_कोल्हापुरी

मृदुला, वाचून पोटात गोळा आला. ती खरंच दोन-दोन दिवस शीला जात नाही. आजच डॉक्टरांची वेळ घेतली.

सांगलीच्या_आजी

माझ्या तीन मुलींना घेऊन मी सांगली-मुंबई केलेलं आहे, रात्रीच्या गाडीने. पिशवीत जुन्या सुती लुगड्याचे चौकोन आणि झाकणाचा एक ॲल्युमिनियमचा डबा. तो डबा फक्त त्याच कामाचा, त्याला लाल रंगाचा ठिपका दिलेला. एकदा यांनी त्यात चिवडा भरून ठेवला होता. घासून ठेवलेला होता, पण मी कुणाला काही बोलले नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

आता धाकट्या नातवासाठी सून उघडता येणारं डायपर छोट्या टबात पसरून ठेवते. मूल टबावर बसतं, डायपर सगळं शोषून घेतं, गुंडाळून पिशवीत. गाडीवाल्यांना बरं. एसटीत जमणार नाही.

डायपरचं मात्र तुझ्या सासूचं अगदीच चूक नाही हो. नाव बदलून घाल, "प्रवासाची चड्डी" म्हण. पण स्टँड आला की काढून बसवायचं. डायपर आहे म्हणून न्यायचंच नाही, असं केलंस तर सात महिन्यांचं शिकवलेलं पाण्यात.

निवांत_पुणेकर

आजी, चिवड्याबद्दल दंडवत.

कारवरून ओरडा खाल्ला, आता कामाचं लिहितो. हायवेवर स्टँडची वाट बघायची गरज नसते. पेट्रोल पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट द्यायचं असतं. किल्ली बऱ्याचदा आत ऑफिसमध्ये असते, मागावी लागते. एसटीवाल्यांना उपयोग नाही हे मान्य.

आणि पैसे मागण्यावरून आठवलं. बायकांना लघवीचे पैसे आणि पुरुषांना मुतारी फुकट, हा भेद का, हे मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायका विचारत आहेत. पुण्यात २०१६ मध्ये पीएमपीच्या जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी 'ती टॉयलेट' केली. एकात बायको आणि मी तान्ह्या मुलीला घेऊन गेलो होतो. म्हणजे ती गेली, मी बाहेर. बस सुटायची वाट बघत असल्यासारखा उभा होतो.

कोथरूडची_कोल्हापुरी

बारसं करून आलो. वृत्तांत.

डॉक्टरांनी लघवी तपासली, सगळं ठीक. शी मऊ होण्यासाठी औषध दिलंय आणि पाणी, फळं वाढवायला सांगितलीत.

जाताना कंडक्टर पुरुष होते. "लहान मूल आहे" म्हटल्यावर म्हणाले, "मॅडम, माझी नात एवढीच आहे, सावकाश या." पहिल्या स्टँडवर मी दोन मग ओतले, तिच्या हातात बाटली दिली, तिने स्वतः कारंजं सोडून भिंत, भांडं आणि माझा पाय धुतला. मग पाठ पोटाला लावून धरलं. मी तोंड गच्च बंद. मोजून चाळीस सेकंद काहीच नाही. मला "कर ना" म्हणायचं होतं, जीभ चावली. आणि मग झालं. डबलबेल, तुम्ही म्हणालात तसंच तिचं अंग सैल पडल्याचं हाताला कळलं. माझी कंबर मात्र अजून दुखते आहे, गुडघ्यांत वाकायचं विसरले.

दुसऱ्या स्टँडवर भांडं तुंबलेलं होतं. तिथे मीच नाही म्हटलं. पलीकडच्या हॉटेलात चहा घेतला आणि तिथलं वापरलं. तिथे कमोड होता. पुसला, कोरडा केला, बसवलं. माझ्या अंगावर काटा आला, ती मात्र पाय माझ्या बॅगेवर ठेवून गाणं म्हणत बसली होती.

परत येताना खंबाटकीजवळ वाहतूक तुंबली, पाऊण तास गाडी जागची हलली नाही. आजी, तुमची प्रवासाची चड्डी तिथे कामी आली. सासूबाईंना कळवलेलं नाही.

स्वारगेटला उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत उभे होतो. शेजारच्या बाईंचा छोटा मुलगा रडत होता, त्याला स्टँडच्या बाथरूममध्ये जायचं नव्हतं. आमच्या बाईसाहेब पुढे झाल्या, आपली बाटली त्याच्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "हे घे. आधी भिंत धुवायची."

बाटली गेली. आता नवीन झाकणाला भोकं पाडायला बसले आहे.